वध, खून की नुसतं 'मारलं'?

पाटीपेन्सिल: आमच्या फिल्म क्लबात 'ब्लेड रनर' (१९८२) दाखवतोय. टायरेलने बनवलेली कृत्रिम माणसं (रॉय त्यांतलाच) आणि त्यांना ठार करायला निघालेला डेकार्ड, अशी गोष्ट. पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. मी लिहिलं, 'रॉय बॅटी आपल्या निर्मात्याचा, टायरेलचा, वध करतो.' अध्यक्षांनी 'वध' खोडून 'खून' केलं. म्हणाले, वध म्हटलंस की खलनायकाची बाजू घेतलीस. खरंच तसं होतं का?

चकलीसाचा: होतंच. वध कंसाचा होतो, अफझलखानाचा होतो. मेला तो त्याच लायकीचा होता हे शब्दातच आलं. गांधीहत्येला 'वध' म्हणणारे आणि त्यावर चिडणारे, दोघांनाही हे पक्कं ठाऊक असतं.

जुनं बाड: मग गोवधबंदीतली गाय कुठल्या लायकीची? संस्कृतात वध म्हणजे ठार मारणं, बस. हत्यासुद्धा 'हन्' धातूचीच. पापपुण्य आपण मागाहून चिकटवलं. आणि 'खून' म्हणजे फारसीत नुसतं रक्त. मराठी पत्रकात तो हवाच कशाला?

चकलीसाचा: पत्रक छापणार कागदावरच ना? तोही फारसीच.

उंबरठा: आमची आजी पदर खोचून चपलेने झुरळ मारायची आणि म्हणायची, 'झाला वध!' आम्ही हसायचो, कारण शब्द झुरळापेक्षा फार मोठा होता. धातू काही म्हणो, आजीला वजन कळत होतं.

पाटीपेन्सिल: पण प्रसंग आठवा. आयुष्य मोजून चार वर्षांचं दिलेलं. तो वाढवून मागायला येतो, टायरेल शास्त्र सांगून वाटेला लावतो. रॉय त्याचा चेहरा हातांत धरतो, चुंबन घेतो, मग दोन्ही अंगठे डोळ्यांत. ह्याला निव्वळ 'खून' म्हणायला हात धजत नाही.

रात्रपाळी: टायरेलचं ठीक. पण सेबॅस्टियनने काय घोडं मारलं होतं? बिचाऱ्याने घरात घेतलं, बुद्धिबळाच्या निमित्ताने टायरेलपर्यंत पोचवलं, आणि तोही मेला. तो मरताना पडद्यावर दिसतसुद्धा नाही, म्हणून सगळे विसरतात. रागाला कारण आहे म्हणा, समर्थन म्हणू नका.

जुनं बाड: 'समर्थन'ही बिघडलेला शब्द. हल्ली लोक पाठिंब्याला समर्थन म्हणतात. हिंदीची कृपा.

रात्रपाळी: अमेरिकेत आधी लागलेल्या प्रतीत ते डोळ्यांचं बरंच कापलं होतं, बाहेरच्या देशांत जास्त दाखवलं. कुठली प्रत लावताय त्यावर ठरवा.

उंबरठा: मला खरी गोम 'रिटायर'मध्ये दिसते. सिनेमाच्या सुरुवातीच्या मजकुरातच आहे, कृत्रिम माणसाला ठार करण्याला देहदंड म्हणत नसत, निवृत्ती म्हणत. झोरा, तीही कृत्रिमच, काचा फोडत पळतेय, अंगात पारदर्शक रेनकोट, आणि नायक तिच्या पाठीत गोळ्या घालतो. तिथे काय लिहिलंत?

पाटीपेन्सिल: 'डेकार्ड झोराला निवृत्त करतो.' अध्यक्षांनी ते नाही खोडलं.

उंबरठा: बघा!

जुनं बाड: निवृत्त? ज्ञानदेवांच्या थोरल्या भावाचं नाव ते. वारकऱ्याला ऐकवून बघा.

चकलीसाचा: मुंबईत ह्याला 'गेम वाजवला' म्हणतात. अर्थ तंतोतंत तोच.

रात्रपाळी: वाजवला नाही, वाजवली. गेम स्त्रीलिंगी.

चकलीसाचा: आमच्या लालबागेत पुल्लिंगीच. जन्म गेला ऐकण्यात.

पाटीपेन्सिल: अहो, पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. वध ठेवू की खून?

रात्रपाळी: क्रिकेटची गेम म्हणता की क्रिकेटचा?