शहरी शाळांतील बहुविध वर्गासाठी बी.एड.च्या छात्राध्यापकांची तयारी कशी करून घ्यावी?

प्रश्न: गणित अध्यापनशास्त्र, मुंबई

नमस्कार. मी मुंबईतील एका अध्यापक महाविद्यालयात गणिताचे अध्यापनशास्त्र शिकवते आणि छात्राध्यापकांच्या शालेय आंतरवासितेचे, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष अध्यापनाच्या सरावाचे, नियोजनही माझ्याकडे असते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, शाळेतील प्रत्यक्ष काम एकूण २० आठवड्यांचे ठरले आणि त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात आले. समावेशक शाळा हा विषयही अभ्यासक्रमात आहे आणि आमचे विद्यार्थी त्याचा पेपर चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होतात.

तरीही दरवर्षी तेच दिसते. छात्राध्यापक सहावीच्या वर्गात अपूर्णांकांचा पाठ घ्यायला जातो, त्याचे टाचण नेटके असते, तक्ते सुबक असतात. पण समोरच्या काही मुलांना पुस्तकातले शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही, काहींच्या घरी भोजपुरी, वडारी किंवा गोरमाटी बोलली जाते आणि एखादी मुलगी आयुष्यात पहिल्यांदाच शाळेत आलेली असते. ही परिस्थिती अपवादात्मक नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा असतो आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही द्यायचे असते, म्हणजे एका वर्गात अनेक पातळ्यांची मुले असणार हे कायद्याने गृहीतच धरले आहे. आमचे प्रशिक्षण मात्र ते गृहीत धरत नाही.

माझा प्रश्न या १६ आठवड्यांपुरता आहे. पाठांची ठरावीक संख्या आणि निरीक्षणाचे गुण विद्यापीठाला कळवावेच लागतात. ती चौकट मला मोडता येणार नाही. त्या चौकटीत राहून आंतरवासितेची रचना कशी केली, तर छात्राध्यापक अशा वर्गाला खरोखर शिकवू लागेल? ज्यांनी अशा वर्गांत वर्षानुवर्षे काम केले आहे, त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापिका, महापालिका शाळा

ताई, आपला प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. त्यामुळे मूल योग्य माध्यमात गेले की भाषेचा प्रश्न मिटला, असे बाहेरच्यांना वाटते. प्रत्यक्षात हिंदी माध्यमाच्या एकाच वर्गात अवधी, मैथिली आणि नेपाळी बोलणाऱ्या घरांतली मुले शेजारी शेजारी बसतात आणि मराठी माध्यमातही पाठ्यपुस्तकाची मराठी घरी कानावर पडणारी मुले थोडीच असतात. आमच्या शाळेत येणारे छात्राध्यापक माध्यमाची पाटी वाचून येत आणि पहिल्याच तासाला गोंधळून जात.

माझी पहिली सूचना अशी, की छात्राध्यापकाला वेगवेगळ्या वर्गांवर फिरवू नये. त्याला सोळाही आठवडे एकच वर्ग द्यावा आणि सुरुवातीचा काही काळ त्याने पाठ न घेता त्या वर्गातल्या चार-पाच मुलांची ओळख करून घ्यावी. ओळख म्हणजे नाव आणि पत्ता नव्हे. हे मूल काय वाचू शकते, मनात हिशोब कसा करते, शाळा सुटल्यावर कुठे असते, कोणत्या प्रसंगी आपणहून बोलते, हे त्याने पाहावे आणि वहीत नोंदवावे. या नोंदी कशा लिहायच्या, हे मात्र शिकवावे लागते. ‘लक्ष देत नाही’ असे लिहिणाऱ्याने काहीच पाहिलेले नसते. ‘फळ्यावरचे उतरवून घेताना दर दोन अक्षरांनंतर मान वर करते’ असे लिहिणाऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. माझ्या मते छात्राध्यापकाने या १६ आठवड्यांत ही एक सवय लावून घेतली, तरी बाकीचे पुष्कळ काही तो नोकरीत शिकू शकेल.

दुसरी गोष्ट वाचनाची. बी.एड.मध्ये आपण गणिताचे, विज्ञानाचे, इतिहासाचे अध्यापन शिकवतो. सुरुवातीचे वाचन कसे शिकवायचे हे मात्र कोणीच शिकवत नाही, कारण ते काम पहिली-दुसरीच्या शिक्षकाचे मानले जाते. सहावीतल्या न वाचणाऱ्या मुलाला त्यामुळे वाली उरत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात सोनाळे येथे क्वेस्ट संस्थेने मराठी वाचनशिक्षणावर मोठे काम उभे केले आहे. ते शहराबाहेर घडले असले तरी शहरातल्या शिक्षकाला तितकेच उपयोगी आहे. कोणत्याही विषयाच्या छात्राध्यापकाला, आपल्या गणिताच्या विद्यार्थ्यांनाही, एका मुलाला वाचते करण्याचा अनुभव या काळात मिळायला हवा.

आणखी एक गोष्ट, जी टाचणात कधीच येत नाही. भर वर्गात ‘तुझे वडील काय करतात?’ असा प्रश्न छात्राध्यापक अगदी सहज, जवळीक साधण्यासाठी विचारतात. सफाई कामगाराच्या, कचरा वेचणाऱ्याच्या किंवा वडील सोडून गेलेल्या घरातल्या मुलाने त्यावर उभे राहून काय सांगावे? आडनावावरून तर्क करणे, खिचडीच्या रांगेत कोण कोणाशेजारी बसते याकडे दुर्लक्ष करणे, उर्दू माध्यमाच्या शाळेबद्दल ऐकीव मते बाळगणे, या गोष्टी पेपरात लिहिलेल्या उत्तरांनी दूर होत नाहीत. शाळेतून परत आल्यावर महाविद्यालयात त्यांवर नाव घेऊन, मोकळेपणाने बोलावे लागते. जात आणि धर्म हे शब्द टाळून विविधतेवर दिलेले व्याख्यान मला अपुरे वाटते.

उत्तर २: विशेष शिक्षिका

मुख्याध्यापिकाबाईंच्या नोंदवहीच्या सूचनेला माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्याला दिव्यांग मुलांच्या बाजूने थोडी जोड देते.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश झाला. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. नव्याने आलेल्या प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी विशिष्ट अडचणही, आहे. छात्राध्यापक ही यादी पाठ करतात आणि वर्गात गेल्यावर न वाचणाऱ्या प्रत्येक मुलाला अध्ययन अक्षमता आहे असे म्हणू लागतात. ही घाई घातक आहे. शाळेची भाषा नवी असल्यामुळे अडणारे मूल आणि अध्ययन अक्षमतेमुळे अडणारे मूल वरवर सारखेच दिसते. घरच्या भाषेत गोष्ट सांगताना, यमके जुळवताना, शब्दातले आवाज सुटे करताना ते मूल अडखळते का, हे पाहिल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. त्याच्या घरची भाषा छात्राध्यापकाला येत नसेल, तर ती येणारी आई, शेजारीण किंवा वरच्या वर्गातली बहीण सोबत घ्यावी. निदान करणे हे छात्राध्यापकाचे काम नाही, त्यासाठी रुग्णालये आणि तज्ज्ञ आहेत; पण योग्य शंका योग्य माणसापर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम नक्कीच आहे.

त्याहीआधी कान आणि डोळे तपासले आहेत का, हे विचारावे. दाटीच्या वस्तीत वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांचे कान वाहतात, काही काळ ऐकू कमी येते, आणि ‘सांगितलेले ऐकत नाही’ असा शेरा त्यांच्या प्रगतिपुस्तकात पडतो. अशा मुलाला पुढे बसवणे, फळ्याकडे तोंड करून न बोलणे, सूचना एका वेळी एकच देणे आणि ती मुलाकडून परत म्हणवून घेणे, यांतल्या कशालाही खर्च येत नाही, आणि त्याचा लाभ अख्ख्या वर्गाला होतो.

माझी मुख्य तक्रार रचनेबद्दल आहे. सर्वसाधारण बी.एड. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत येते आणि विशेष शिक्षणाचे बी.एड. १९९२ च्या कायद्याने चालणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेच्या. एकाच शहरात शिकणारे हे दोन प्रकारचे भावी शिक्षक प्रशिक्षणाच्या काळात एकमेकांना भेटतही नाहीत, आणि नोकरीत मात्र त्यांनी एकाच मुलासाठी एकत्र काम करावे अशी आपली अपेक्षा असते. दोन्ही महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी ठरवले, तर एकेका छात्राध्यापकाची जोडी एकाच वर्गावर पाठवता येईल. त्यासाठी कोणत्याही नव्या नियमाची गरज नाही.

उत्तर ३: माध्यमिक शिक्षक, ठाणे

वरील दोन्ही उत्तरे मनापासून वाचली, तरी काही बाबतींत माझे मत वेगळे आहे आणि ते नोंदवणे मला आवश्यक वाटते.

पाठ टाचणाला दुय्यम लेखू नये. विषयाची मांडणी मनात पक्की नसलेला शिक्षक पाच पातळ्यांवर तर सोडाच, एका पातळीवरही नीट शिकवू शकत नाही, आणि अपूर्णांकांचा भागाकार का उलटा करून गुणायचा, हे न सांगता येणारे छात्राध्यापक मी पुष्कळ पाहिले आहेत. दुसरे असे, की सहावी ते आठवीसाठी ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे कायद्यातले प्रमाण, विशेष शिक्षकांच्या भरलेल्या जागा आणि अध्यापनासाठी मोकळा वेळ मिळाल्याशिवाय उत्तम प्रशिक्षित शिक्षकही थकून जातो. व्यवस्थेची ही जबाबदारी प्रशिक्षणाच्या नावाखाली नवशिक्या मुलांच्या खांद्यावर टाकली जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.

उत्तर ४: शिक्षक, महापालिका शाळा, गोवंडी

सर, विषयज्ञानाबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे. उलट माझा अनुभव असा, की अनेक पातळ्यांच्या वर्गाला शिकवायला विषयाची समज जास्त खोल लागते. प्रश्न अपूर्णांकांचा निघाला आहे, म्हणून तेच उदाहरण घेतो.

माझ्या सहावीच्या वर्गात सगळ्यांच्या हातात वर्तमानपत्राच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या असतात. काही मुले पट्टी दुमडून अर्धा, पाव, आठवा भाग करतात आणि त्यांना नावे देतात. काही जण एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश यांपैकी मोठे कोणते हे ठरवून कारण सांगतात. ज्यांना हे येते, ते इतरांसाठी उदाहरणे रचतात. ज्या मुलांना वाचता येत नाही, त्यांना उदाहरण तोंडी सांगितले जाते आणि ती उत्तर चित्राने देतात. तासाच्या शेवटी सगळ्यांपुढे एकच प्रश्न ठेवतो: ‘भाग वाढवले की प्रत्येक भाग लहान का होतो?’ त्यावर पहिल्या गटातली मुलेही हिरिरीने बोलतात. हा पाठ टाचणात नीट मांडता येतो. फक्त टाचणात ‘विद्यार्थी’ या एका शब्दाऐवजी तीन गटांच्या तीन कृती लिहाव्या लागतात.

संख्यांच्या बाबतीतही असेच आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असे वाचन आले, तेव्हा मोठा वाद झाला होता. तेलुगू, कन्नड किंवा त्यांना जवळच्या बोली बोलणाऱ्या घरांत दशक आधी आणि एकक नंतरच म्हणतात. अशा घरातून आलेले मूल मराठीतले ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिते, तेव्हा त्याला दशक-एकक कळत नाही असे समजणे चूक ठरते. गणिताच्या छात्राध्यापकांना वर्गातल्या मुलांच्या भाषांतले एक ते शंभर अंक कसे म्हणतात, हे मुलांकडूनच विचारून लिहून आणायला सांगावे. या कामात शिकवणारे मूल असते आणि शिकणारा छात्राध्यापक असतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पालकांबद्दल एक सूचना. नाक्यावर काम शोधणारे आईवडील सकाळी लवकर घराबाहेर पडतात; शाळेच्या वेळेत ठेवलेल्या पालकसभेला ते आले नाहीत, म्हणून त्यांना आस्था नाही असा निष्कर्ष छात्राध्यापकाने काढू नये. वर्गशिक्षकाबरोबर त्याने निदान एकदा तरी संध्याकाळी वस्तीत जावे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. ठाण्याच्या सरांचा मुद्दा मी प्राचार्यांपुढे स्वतंत्रपणे मांडणार आहे, कारण तो मला पटतो.

आंतरवासितेपुरते मी असे ठरवते आहे, की प्रत्येक छात्राध्यापकाला एकच वर्ग मिळेल, आणि पाठनिरीक्षणाच्या गुणांत एक भाग त्याने निवडलेल्या मुलांपैकी दोघांना त्या पाठात काय जमले आणि काय जमले नाही, याच्या नोंदीला राहील. पाठांची संख्या तेवढीच राहत असल्याने विद्यापीठाची हरकत येऊ नये. एका शाळेत विशेष शिक्षणाच्या छात्राध्यापकांबरोबर जोड्या करण्याचा प्रयत्नही या वर्षी करू. एक शंका मात्र उरते. या नोंदवह्या मूल्यमापनासाठी महाविद्यालयात येतील. त्यांत मुलांची घरची आणि आरोग्याची माहिती असेल. त्याबाबत काय काळजी घ्यावी?

उत्तर २ च्या लेखिकेकडून

हे आधीच विचारलेत, हे फार चांगले झाले. वहीत मुलाचे नाव, आडनाव, जात किंवा कोणतेही निदान लिहू नये. वर्गशिक्षकालाच कळेल अशी एखादी खूण ठरवावी. घरची माहिती पालकांनी आपणहून सांगितली आणि ती शिकवण्यासाठी आवश्यक असली, तरच नोंदवावी. मूळ वही शाळेत वर्गशिक्षकाकडे राहू द्यावी, म्हणजे छात्राध्यापक गेल्यानंतर तिचा उपयोग त्या मुलाला होईल. महाविद्यालयात फक्त छात्राध्यापकाने स्वतःच्या अध्यापनात केलेल्या बदलांचा गोषवारा यावा आणि गुणही त्यालाच द्यावेत. मुलांचे फोटो किंवा त्यांच्या वह्यांची छायाचित्रे छात्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत, हे पहिल्याच दिवशी लेखी द्यावे.