मदत हवी आहे: डिस्क अधूनमधून रीड-ओन्ली होते (फक्त वाचता येते, लिहिता येत नाही), एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) बदलू का?

भुसावळ, लिनक्स मिंट ऑपरेटिंग सिस्टीम, साधी हार्डडिस्क. दुपारच्या उन्हात रूट पार्टिशन (डिस्कचा सिस्टीम असलेला मुख्य भाग) रीड-ओन्ली होतं. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) साटा लिंक, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्डमधली जोडणी, रीसेट झाल्याच्या ओळी दिसतात. स्मार्टसीटीएलमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) ५ आणि १९७ नंबरचे आकडे शून्य, म्हणजे खराब सेक्टर नोंदलेले नाहीत. पण १९९, म्हणजे सीआरसी एरर (डेटा ये-जा करतानाच्या चुका), ४६ वर. तो कधी कमी होत नाही, वाढतो का एवढंच बघायचं. केबल आणि पोर्ट बदलले, लाइव्ह यूएसबीवरून एफएससीके (फाइल सिस्टीमची तपासणी-दुरुस्ती) केलं, तरी आज ५१! सकाळी मात्र स्थिर.

एसएमपीएसचा साटा प्लग पिवळा पडलाय. ५ व्होल्टच्या लाल वायरवर लोडमध्ये ४.७० व्होल्ट मिळतात, किमान ४.७५ हवेत. बॅकअप घेतलाय. नवा एसएमपीएस पुरेल, की मदरबोर्डचा साटा कंट्रोलरही तापत असेल? तो कसा तपासायचा, कृपया सांगा.