दुसरी मुलगी झाली तेव्हा घरच्या ग्रुपवर

काकी (गुहागर): दुसरीपण मुलगीच. दोघी सुखरूप आहेत. पण देवळात गाऱ्हाणं घातलं होतं हो, यावेळी तरी मुलगा दे म्हणून. सुनेच्या माहेरीही सगळ्या मुलीच.

काका (परळ): पुढच्या वेळी दीड महिन्यात औषध देणारे एकजण आहेत. पत्ता पाठवतो.

आत्या (रत्नागिरी): दादा, पत्ता पाठवू नका. वहिनी, नातीबद्दल अभिनंदन. ओली बाळंतीणही याच ग्रुपवर आहे आणि हे वाचतेय, म्हणून स्पष्ट लिहिते. तिच्या माहेराचा यात काही संबंध नाही. बाईकडे लिंग ठरवणारे दोन्ही क्रोमोझोम, म्हणजे गुणसूत्रं, एक्सच, तेव्हा तिच्या बीजातून एक्सच जाणार. पुरुषाकडे एक एक्स, एक वाय. त्याच्या साधारण निम्म्या शुक्राणूंत एक्स, निम्म्यांत वाय. एक्सवाला पोचला तर मुलगी, वायवाला पोचला तर मुलगा, आणि ते त्याच्याही हातात नसतं. त्यालाही बोल लावू नका. नेटी स्टीव्हन्स या संशोधक बाईंनी १९०५ मध्ये पिठातल्या किड्यांवर अभ्यास करून हे दाखवलं. तरी आपण अजून सुनेच्या माहेरच्या मुली मोजतोय!

भाचा (चिपळूण): आत्या, सर म्हणाले पहिल्या दीड महिन्यात गर्भ मुलाचा-मुलीचा सारखाच असतो. मग तेव्हा औषध का नाही चालणार?

आत्या: दिसायला सारखा. एक्स की वाय हे गर्भधारणेच्या क्षणीच ठरलेलं असतं. पुढे सहा-सात आठवड्यांनी वायवरचा एसआरवाय हा जीन कामाला लागतो आणि वृषणं घडू लागतात. हा जीन १९९० मध्ये सापडला. क्वचित तो एक्सवर जाऊन बसतो किंवा बिघडतो, मग एक्सएक्स असून मुलगा, एक्सवाय असून मुलगी जन्मते. पुडी खाऊन यातलं काहीच घडत नाही. उलट अशा काही औषधांत हार्मोन सापडलेत, ते बाळाला घातक. आणि १९९४ च्या कायद्याने गर्भलिंगनिवड हा गुन्हा आहे.

काका: राहिलं. पण आपल्या रत्नागिरीत तर बायकाच जास्त. मुली नकोशा कुठे आहेत?

आत्या: २०११ च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ बायका, खरं आहे. पण पुरुष मुंबईला नोकरीला, तुम्हीही त्यातलेच. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा राज्याचा आकडा बघा, हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. मला तो वाचवत नाही.

आणि वहिनी, एक राहिलं. तुमच्या लेकाचा एक्स तुमच्याकडूनच आलेला, तो त्याने मुलीला दिला. मुलगा झाला असता तर त्याला वाय गेला असता, तुमचा एक्स नाही.

काकी: म्हणजे माझा नातीत आहे? थोरलीतही?

आत्या: दोघींत तोच. लेकाकडे एक्स एकच ना! आणि तो तुमच्या दोन एक्सच्या सरमिसळीतून झालेला, तेव्हा बहुधा त्यात तुमच्या आई-वडिलांचा दोघांचाही वाटा असणार.