इंग्रजी ‘डक’ : बदक, बुडी आणि भोपळा

प्रश्न:
माझ्या सातवीतील मुलीबरोबर मी रोज इंग्रजी दैनिकातील क्रिकेटचे एक वृत्त वाचतो. काल एकाच वृत्तात सलामीवीराने उसळता चेंडू ‘डक’ केल्याचा आणि त्याचा जोडीदार ‘डक’वर बाद झाल्याचा उल्लेख होता. या दोन्ही ठिकाणी बदक कोठून आले, असे मुलीने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

पहिला प्रतिसाद:
पक्ष्यावरून क्रियापद आले असावे असे वाटते, पण घडले ते उलट. बुडी मारणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी धातूवरून, बुडी मारणारा तो ‘डक’, असे पक्ष्याचे नाव पडले. मुलीला एखाद्या तळ्याकाठी अवश्य न्यावे: बदक मान पाण्यात खुपसते, शेपूट उभी राहते आणि क्षणभराने चोचीतून पाणी निथळत डोके वर येते. डोके झटकन खाली नेण्याची हीच क्रिया फलंदाज करतो, म्हणून तेथे ‘खाली वाकून चेंडू चुकवला’ असे म्हणावे. अडचणीचा प्रश्न टाळणे हा अर्थही त्यातूनच आला. आपणही टिबुकलीला पाणडुबी म्हणतोच.

दुसरा प्रतिसाद:
शून्यावर बाद होण्याचा संबंध मात्र बदकाच्या अंड्याशी आहे. धावफलकावरील शून्य अंड्यासारखे दिसते, म्हणून एकोणिसाव्या शतकात ‘डक्स एग’ म्हणू लागले आणि पुढे अंडे गळून नुसते ‘डक’ उरले. पहिल्याच चेंडूवर बाद झाल्यास ते ‘गोल्डन डक’. 1948 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर, कसोटी कारकिर्दीतील शंभराच्या सरासरीसाठी अवघ्या 4 धावा हव्या असताना, ऑस्ट्रेलियाचे फलंदाज डॉन ब्रॅडमन इंग्लंडच्या एरिक हॉलिसच्या दुसऱ्या चेंडूवर त्रिफळाचीत झाले, त्यामुळे ते ‘डक’ होते, ‘गोल्डन’ नव्हे. सरासरी 99.94 वर थांबली. मराठीत याला ‘भोपळाही न फोडता बाद’ हा अस्सल प्रयोग असताना ‘बदकावर बाद’ असे कोणीही लिहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा प्रतिसाद:
राजकीय बातम्यांत ‘लेम डक’ म्हणजे लंगडे बदकही भेटेल. अठराव्या शतकात लंडनच्या शेअर बाजारात देणे बुडवणाऱ्यास असे म्हणत. आता उत्तराधिकारी निवडला गेल्यानंतर उरलेले दिवस काढणाऱ्या सत्ताधाऱ्यास म्हणतात. अमेरिकेत पूर्वी हा काळ 4 मार्चपर्यंत चाले. 1933 च्या विसाव्या घटनादुरुस्तीने तो 20 जानेवारीपर्यंत आणला. ‘डक’ नावाचे जाड सुती कापडही असते, परंतु तो शब्द डच भाषेतील कापड या अर्थाच्या शब्दावरून आलेला असून त्याचा बदकाशी काहीही संबंध नाही.