गाजलेल्या खटल्यात निःपक्षपाती ज्यूरी मिळते कशी?

प्रश्न (म्हापसा)
अमेरिकेतील गाजलेल्या खटल्यांच्या बातम्या वाचताना एक शंका वारंवार येते. आरोपीचा चेहरा, त्याचा कथित कबुलीजबाब आणि शेजाऱ्यांच्या मुलाखती महिनोन्महिने घरोघरी पोहोचल्यावर ज्यूरीसाठी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळासाठी, मन कोरे असलेली बारा माणसे न्यायालयाला सापडतात कुठून? आणि आपल्याकडे ज्यूरी नाही, म्हणून हा प्रश्न आपल्याला लागू होत नाही असे समजावे का?

उत्तर (पणजी)
कोऱ्या मनाचा माणूस तेथील कायद्यालाही अपेक्षित नाही. ऐकलेले बाजूला ठेवून केवळ समोर आलेल्या पुराव्यावर निर्णय देईल, असा माणूस हवा असतो. त्यासाठी लेखी प्रश्नावली भरून घेतात आणि नंतर तोंडी प्रश्न विचारतात. मात्र ‘मी निःपक्षपाती राहीन’ या नुसत्या शब्दावर विसंबता येत नाही. इंडियाना राज्यातील आयर्विन या खुनाच्या आरोपीचा खटला शेजारच्या काउंटीत (जिल्ह्यात) हलवला, तरी तिथेही तीच वृत्तपत्रे जात होती. बोलावलेल्या ४३० जणांपैकी २६८ जणांना आरोपीविषयी ठाम मत असल्यामुळे वगळावे लागले, आणि निवडलेल्या बारांपैकी आठ जणांना तो आधीपासूनच दोषी वाटत होता. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पुढे पत्नीच्या खुनाचा आरोप असलेल्या डॉक्टर शेपर्डच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या १९६६ च्या निकालाने सुनावणी लांबणीवर टाकणे, खटला दूर हलवणे, ज्यूरीला बातम्यांपासून अलग ठेवणे आणि वकील व पोलिसांच्या बाहेरच्या वक्तव्यांना आवर घालणे ही न्यायाधीशाचीच जबाबदारी ठरवली.

उत्तर (फोंडा)
आपल्याकडचे उदाहरण नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्याचे. १९५९ मध्ये ‘ब्लिट्झ’ साप्ताहिक उघडपणे आरोपीच्या बाजूने उभे होते आणि मुंबईच्या रस्त्यांवर त्याच्या नावाची खेळण्यातली पिस्तुले विकली जात होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले आणि तिथे जन्मठेप झाली. त्या एका खटल्याने ज्यूरी एका फटक्यात बंद झाली, ही समजूत मात्र चुकीची आहे. पद्धत आधीच आटत चालली होती, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही.

उत्तर (मडगाव)
प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे; हा प्रश्न आपल्यालाही लागू होतो. खरे, आपल्याकडे न्यायाधीशाला निकालाची कारणे लिहावी लागतात आणि वरचे न्यायालय ती तपासू शकते. २००८ च्या हणजूण येथील ब्रिटिश मुलीच्या मृत्यूच्या खटल्यात २०१६ मध्ये दोन्ही आरोपी सुटले होते, पण २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवले. साक्षीदाराच्या मनाला मात्र असे अपील नसते. किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या (तात्पुरत्या उपाहारगृहातल्या) एखाद्या वेटरने घटनेच्या रात्री अंधारात काय पाहिले आणि नंतर मोबाइलवर पन्नास वेळा काय पाहिले, यांतला फरक काही आठवड्यांनी त्यालाही सांगता येत नाही, आणि बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत नेमके तेच बाहेर काढतो. एवढ्याशा गोव्यात खटला म्हापशाहून मडगावला हलवून काय साधणार? इथेही सकाळी तेच पेपर येतात. म्हणूनच तपास चालू असताना साक्षीदारांच्या मुलाखती आणि घटनेची नाट्यमय पुनर्रचना माध्यमांनी टाळावी, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले, ते मला फार मोलाचे वाटते. पोलीस आरोपीला तोंड झाकून नेतात तेव्हा लोक चिडतात. पण ओळख परेडीआधी, म्हणजे साक्षीदाराने अनेकांमधून आरोपीला ओळखण्याच्या चाचणीआधी, त्याचा फोटो सर्वत्र फिरला, तर ती परेड न्यायालयात टिकत नाही आणि नुकसान पीडिताच्या घरच्यांचे होते.