ऑक्टेव्हिया आरएस २४५ : रुंद अलॉय बसवायचे आहेत, ८ इंच की ८.५ इंच?

पौडरोड_आरएस
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२० ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५ आहे, म्हणजे भारतात पूर्ण तयार स्थितीत आयात झालेल्या २०० गाड्यांपैकी एक. आधीच्या मालकांनी तिला लोअरिंग स्प्रिंगा (गाडी खाली बसवणाऱ्या) बसवून स्टेज १ ट्यून (सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवणे) करून घेतला होता. चाके मात्र अजून मूळचीच आहेत : १८ इंची, ७.५ इंच रुंद, ऑफसेट (चाक गाडीला जिथे टेकते तो पृष्ठभाग चाकाच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या बाजूला आहे ते माप) ५१, टायर २२५/४० आर१८ (रुंदी २२५ मिमी, साइडवॉल म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ इंची रिमसाठी). टायर झिजलेच आहेत, तेव्हा सोबत रुंद अलॉयही घ्यावेत असा विचार आहे. एका विक्रेत्याने ८.५ इंच रुंदीचा आणि ऑफसेट ३५ चा संच दाखवला. नेमके किती अंतर उरेल असे विचारल्यावर ‘सगळ्यांना बसतो’ एवढेच उत्तर मिळाले. गाडी रोज पुण्यात चालते आणि अधूनमधून ताम्हिणीत जाते. दिखाव्यासाठी बाहेर आलेली चाके मला नकोत. वळणावर पकड वाढावी आणि खड्ड्यात टायर घासू नये, एवढीच अपेक्षा आहे. अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटमाथा
विक्रेत्याचा संच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण रुंदीपेक्षा ऑफसेटमध्ये आहे. आपल्या मूळ चाकाची बाहेरची कड हबच्या (चाक ज्यावर बोल्टने बसते तो भाग) पृष्ठभागापासून सुमारे ४४ मिमी बाहेर येते. ८.५ इंच आणि ऑफसेट ३५ असेल, तर तीच कड ७३ मिमीवर जाते. म्हणजे चाक एका बाजूला जवळजवळ २९ मिमी बाहेर सरकते. खाली बसवलेल्या गाडीत मागे माणसे बसली आणि गतिरोधक आला की मागचा टायर मडगार्डच्या कडेला घासणार, हे जवळपास ठरलेले आहे. मग कोणीतरी कड आत वळवून घ्यायला सुचवतो, तिथला रंग तडकतो आणि पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

याउलट ८ इंच आणि ऑफसेट ४५ घेतल्यास चाक बाहेरच्या बाजूला केवळ १२ मिमी सरकते आणि आतली कड जवळपास जागची हलत नाही, त्यामुळे स्ट्रटशी (चाकाच्या आतल्या बाजूचा सस्पेन्शनचा खांब) असलेले अंतर कायम राहते. ८.५ इंचच हवे असेल तर ऑफसेट ४५ च्या खाली उतरू नये. तेव्हा बाहेर १९ मिमी आणि आत सुमारे ७ मिमी असा हिशेब होतो, आणि ते ७ मिमी पुढच्या स्ट्रटपाशी मोजून पाहावे लागतात.

आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. ही पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी आहे, शिवाय तिचे डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे आहे. ऑफसेट जितका कमी, तितका टायरचा जमिनीवरचा मध्य स्टिअरिंगच्या फिरण्याच्या अक्षापासून बाहेर जातो आणि पूर्ण थ्रॉटल दिल्यावर स्टिअरिंग हाताला ओढू लागते. ५१ वरून ४५ वर आल्यास हा फरक ६ मिमीचा असतो, ३५ वर तो १६ मिमीचा होतो. ट्यून केलेल्या गाडीत तो चांगलाच जाणवतो.

नटबोल्ट
घाटमाथा यांच्याशी सहमत. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×११२ जुळले म्हणजे काम झाले, असे समजू नये. आपल्या गाडीचा सेंटर बोअर (चाकाच्या मधल्या भोकाचे माप) ५७.१ मिमी आहे, तर बाजारातले बरेच अलॉय ६६.६ किंवा ७३.१ चे असतात. योग्य मापाची हबसेंट्रिक रिंग (भोक आणि हब यांतली फट भरणारी कडी) न घालता चाक बसवले, तर ते नेमके मध्यावर बसत नाही. मग बॅलन्सिंग कितीही वेळा करा, महामार्गाच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतच राहते.

त्याहून गंभीर प्रश्न बोल्टचा आहे. कंपनीचे बोल्ट एम१४×१.५ चे असून त्यांची बैठक (चाकाला टेकणारा भाग) गोलाकार असते, तर बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशांची शंकूसारखी बैठक लागते. जुना बोल्ट नव्या चाकात घट्ट बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो केवळ एका बारीक रेषेवर टेकलेला असतो आणि हळूहळू सैल होतो. त्यामुळे चाकासोबत त्याच्याच बैठकीचे बोल्ट मागून घ्यावेत, आणि बोल्ट हाताने किमान साडेसात फेरे आत जातो ना, ते स्वतः पाहावे.

नेकारकाठ
मी श्टुटगार्टला राहतो. इकडे चाकासोबत त्या गाडीसाठीचा तांत्रिक अहवाल मिळतो आणि त्यात अटी लिहिलेल्या असल्या, तर गाडी तपासणी केंद्रात दाखवून बदलाची नोंद करून घ्यावी लागते. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायर मडगार्डखाली झाकलेला असावा, असा युरोपातला नियम आहे. तिकडे कोणी विचारत नसले तरी ही कसोटी लावून पाहण्यास हरकत नाही. तसेच चाकाच्या आतल्या बाजूस कोरलेली भारक्षमता पाहावी. दाराच्या खांबावरील पट्टीवर प्रत्येक ॲक्सलचा कमाल भार दिलेला असतो. चाकाचा आकडा किमान त्याच्या निम्म्याइतका हवाच. खड्ड्यांचा विचार करता माझा कल फ्लो फॉर्म्ड (ओतल्यावर रिम फिरवत, दाबून ताणलेल्या) चाकाकडे राहील, कारण ते साध्या ओतीव चाकापेक्षा हलके असते आणि त्याचा रिमही अधिक चिवट असतो. नामांकित डिझाइनची स्वस्त नक्कल मात्र टाळावी.

कागदपत्र
कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसेच स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक अवैध बदलासाठी ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. म्हणून पैसे देण्यापूर्वी आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला चाकांसोबत ट्यूनचीही माहिती द्यावी. अपघातानंतर सर्वेक्षकाने हे बदल शोधून काढणे परवडत नाही. मूळ चाके विकू नयेत.

पौडरोड_आरएस
सर्वांचे आभार. ८ इंच आणि ऑफसेट ४५ असे नक्की करतो. कागदपत्रांचे काम आधी. आता टायर २२५ च ठेवावा, की २३५ अथवा २४५ घ्यावा?

घाटमाथा
२३५/४० आर१८ घ्यावा. ८ इंची रिमवर तो व्यवस्थित बसतो, साइडवॉल ९० ऐवजी ९४ मिमीची मिळते आणि चाकाचा एकूण व्यास जेमतेम सव्वा टक्क्याने वाढतो. २४५/४० मध्ये हीच वाढ अडीच टक्क्यांवर जाते आणि खाली बसवलेल्या गाडीत आतल्या प्लॅस्टिक लायनरला टायर लागण्याची शक्यता वाढते. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा त्यावरचा अंक) ९२ पेक्षा कमी नसावा.

संच घेण्याआधी एकच चाक, पण टायर चढवलेले, मागे बसवून पाहण्याची परवानगी मागावी. मडगार्डच्या आतल्या कडेला घट्ट मळलेल्या कणकेची बोटभर जाडीची पट्टी चिकटवावी, मागच्या सीटवर तिघांना बसवावे आणि आवारातल्या गतिरोधकावरून गाडी तिरकी व अगदी सावकाश न्यावी. कणीक कुठे आणि किती दाबली गेली, त्यावरून उरलेली जागा कळते. पुढच्या चाकांसाठी स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून हीच तपासणी पुन्हा करावी. परवानगी मिळत नसेल तर दुसरा विक्रेता पाहावा.

नटबोल्ट
बोल्ट १२० न्यूटन मीटरला टॉर्क पान्यानेच आवळायला सांगावे, टायरवाल्याच्या हवेच्या गनने नव्हे. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासून घ्यावेत, आणि अलाइनमेंट त्यानंतर करावी.