मदत हवी आहे : प्राणीप्रेमी माणसंच एकमेकांना चावून राहिली

राजेहो, जरा सल्ला द्या. नागपुरात प्रतापनगरकडे आम्ही पंधराएक जण रस्त्यावरच्या कुत्र्यांना रात्री खाऊ घालतो, नसबंदीला नेतो, उन्हाळ्यात पाण्याची भांडी ठेवतो. काम बरं चाललं होतं पण आता कामापेक्षा भांडणंच जास्त. एक ताई वीगन झाल्या (म्हणजे मांस, अंडी, दूध काहीच नाही), त्यांचं म्हणणं कोंबडी मारून कुत्र्याला चिकनभात देणं हे कसलं प्रेम, आणि त्यावर एका पोट्ट्याने मुद्दाम सावजी मटणाचा विषय काढला, झालं, दोन दिवस नुसती शिवीगाळ. (मी पण सावजी खातो, म्हणून मला तर बोलायची सोयच नाही!)

खरं वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. एका दादाच्या पोरीला कुत्रं चावलं, तो फक्त एवढंच म्हणाला की लेकरं खेळतात तिथे खायला टाकू नका, तर चौघांनी त्याला प्राणीद्वेष्टा ठरवून टाकलं. अरे, २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्मनियंत्रण) नियमांतच लिहिलं आहे ना बाप्पा, खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळायच्या जागेपासून, जिन्यापासून, बिल्डिंगच्या दारापासून दूर पाहिजे म्हणून! आता तो येतच नाही, आणि कुत्री दवाखान्यात न्यायला गाडी त्याचीच होती.

तर तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलं? जेवणाचा विषय पूर्ण बंद ठेवायचा का? मत वेगळं असणाऱ्याला थांबवायचं नाही पण शिवी देणाऱ्याला काढायचं, ही रेघ नेमकी कुठे ओढता? आणि त्या दादाला परत कसं बोलवू?